विणेचा नाद आणि वाटेगावचा लेखक

संयुत्तनिकायाच्या सळायतनवग्गात विणेचा एक दृष्टान्त आला आहे. एका राजाने विणेचा नाद कधीच ऐकला नव्हता. तो कानी पडताच त्याचे चित्त मोहून गेले आणि तो नाद आपल्यापुढे हजर करावा, अशी त्याने आज्ञा केली. सेवकांनी वीणा आणून ठेवली. राजाला वीणा नको होती, नाद हवा होता. सेवकांनी त्यास समजावून सांगितले की, नाद हा कोणा एका वस्तूत दडलेला नसतो. लाकूड, कातडे, दांडी, तारा आणि वाजविणाऱ्याचा प्रयत्न या सर्वांच्या संयोगाने तो उत्पन्न होतो. राजाला हे पटले नाही. त्याने वीणा फोडली, तिची शकले केली, शकले जाळली, राख वाऱ्यावर सोडली. नाद सापडला नाही. तेव्हा वीणा ही अगदीच हिणकस वस्तू आहे, असा निष्कर्ष काढून तो मोकळा झाला.

पंचस्कंधांत 'मी' म्हणून वेगळी वस्तू शोधू जाणाऱ्यास ती सापडत नाही, हे सांगण्यासाठी भगवंतांनी हा दृष्टान्त दिला. साहित्याचा विचार करणाऱ्यासही तो उपयोगी आहे. लेखकाची प्रतिभा ही त्याच्या आत जन्मतःच ठेवलेली एखादी वस्तू आहे, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मानले गेले. एखाद्या लेखकाने आपणांस हलवून सोडले की आपणही त्या राजाप्रमाणे नादाची मागणी करतो. लाकूड, तार आणि परिश्रम यांची चौकशी मात्र करीत नाही.

प्रस्तुत लेखात कथा-कादंबरीकार अण्णा भाऊ साठे यांच्या निर्मितीचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. अण्णा भाऊंसंबंधीचे कोणतेही भाषण घ्या, त्यात एक वाक्य हमखास येते : दीड दिवस शाळेत गेलेला हा माणूस एवढा मोठा साहित्यिक झाला. टाळ्या पडतात. बोलणाराच्या मनात आदर असतो, याविषयी शंका नाही. परंतु या वाक्याने अण्णा भाऊंचा गौरव होतो की त्यांच्या परिश्रमांवर पडदा पडतो, याचा विचार बौद्ध वाचकाने तरी केलाच पाहिजे.

प्रतिभा आणि पूर्वजन्म

संस्कृत साहित्यशास्त्रात वामनाने प्रतिभेला कवित्वाचे बीज म्हटले आणि ते बीज म्हणजे जन्मांतरीहून आलेला एक विशेष संस्कार होय, असे सांगितले. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास असे तीन हेतू मानले. त्यांतही बीजाचा मान शक्तीलाच दिला. दंडीने मात्र पूर्ववासनेतून आलेली प्रतिभा नसली तरी श्रवण आणि प्रयत्न यांनी वाणी प्रसन्न होते, अशी सवलत ठेवली. ती सवलत पुढे फारशी कोणी वापरली नाही. ज्यांना ऐकण्याची आणि शिकण्याचीच बंदी होती, त्यांना तिचा उपयोगही नव्हता.

माणसाची आजची स्थिती ही त्याच्या गतजन्मीच्या कर्माचे फळ आहे, हा सिद्धान्त भगवंतांचा असू शकत नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. दारिद्र्याला पूर्वजन्माचे कारण देणे जसे अन्यायाचे आहे, तसेच प्रतिभेला पूर्वजन्माचे कारण देणेही अन्यायाचे आहे. पहिल्याने शोषक सुटतो. दुसऱ्याने लेखकाचे कष्ट पुसले जातात. 'दीड दिवसाची शाळा' हे वाक्य वरवर पाहता पुरोगामी वाटते. त्याच्या तळाशी मात्र जुनीच समजूत आहे. शाळा नव्हती, तरी प्रतिभा होती. म्हणजे ती कोठून तरी वरून आली असली पाहिजे. अशा रीतीने चमत्कार मागच्या दाराने आत येतो.

अभिधम्मपिटकातील 'पट्ठान' या ग्रंथात चोवीस प्रत्यय सांगितले आहेत. ते चित्ताच्या आणि रूपाच्या धर्मांविषयी आहेत, साहित्याविषयी नव्हेत, हे मान्य करूनही त्यांपैकी तीन नावे आपण येथे दृष्टान्तादाखल घेऊ : उपनिस्सय म्हणजे बळकट आधार, आसेवन म्हणजे पुनःपुन्हा केलेले आचरण, आणि आहार. अण्णा भाऊंच्या लेखनाचे निदान या तीन शब्दांनी पुष्कळसे होते.

उपनिस्सय : वारणेचे खोरे

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे मांग समाजात झाला. तेव्हा हा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना हा लेखक आपला वाटतो, आणि ते योग्यच आहे.

या खोऱ्यात काळी जमीन होती, पाणी होते, ऊस होता. आणि गावकुसाबाहेर गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली हजेरी देणारे लोकही होते. ज्याची जमीन नाही, ज्याच्यावर चोरीचा शिक्का जन्मतःच बसलेला आहे आणि ज्याला परगावी जाताना परवानगी घ्यावी लागते, अशा माणसाच्या घरी रात्री सांगितल्या जाणाऱ्या कथा कोणत्या असतील? बंडखोरांच्याच. फकिरा हा सरकारी खजिना लुटणारा पुरुष अशाच कथांतून वाटेगावच्या मुलापर्यंत आला. अण्णा भाऊंच्या जन्माच्या वेळी त्याने घरात रुपये दिले, अशीही आठवण सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, ज्या घरात अशी आठवण जपली जाते, त्या घरातील मुलाला कथेचा विषय शोधीत फिरावे लागत नाही. विषयच त्याच्या उशाशी असतो.

पुढे वडिलांबरोबर हे कुटुंब वाटेगावाहून मुंबईस पायी गेले. वाटेत मिळेल ते काम करीत, मिळेल तेथे मुक्काम करीत हा प्रवास झाला. मुंबईत हमाली, कोळसा, गिरणी, झोपडी हे सर्व ओघानेच आले. खोऱ्याची कथा आणि शहराचा घाम, असे दोन बळकट आधार या लेखकास मिळाले. त्यांच्या कथांतील पुष्कळ माणसे वारणेकाठाहून निघून मुंबईच्या खाणीत, चाळीत वा फुटपाथवर येऊन पोचतात, ती याच वाटेने.

आसेवन : अक्षर, पोवाडा, वग

'दीड दिवसाची शाळा' हे वाक्य येथे पुरते कोसळते. शाळा थोडी झाली हे खरे. शिक्षण थोडे झाले हे मात्र खरे नाही. मुंबईत दुकानांवरच्या पाट्या आणि चित्रपटांची भित्तिपत्रके वाचीत त्यांनी अक्षरओळख पक्की केली, असे सांगितले जाते. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कामगार कार्यकर्त्यांच्या संगतीत वाचन वाढले. मॅक्झिम गॉर्की या रशियन लेखकाबद्दल त्यांना विशेष जिव्हाळा होता. तोही हाताने कष्ट करीत लेखक झालेला मनुष्य. चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांनी उमेदवारी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासमवेत लाल बावटा कलापथक उभे केले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' ही लोकनाट्ये कामगारांच्या मैदानांवर होऊ लागली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गावोगाव पोचली.

'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. स्टालिनग्राडच्या पोवाड्यापासून मोजले तरी मधली सुमारे पंधरा वर्षे हा मनुष्य रोज हजारो श्रोत्यांपुढे उभा राहून शब्दाची परीक्षा देत होता. कोणते वाक्य मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, कोठे श्रोता चुळबुळ करतो, कोठे तो श्वास रोखून धरतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. असे विद्यापीठ फार थोड्या कादंबरीकारांच्या वाट्यास आले असेल. त्याला शाळा न म्हणणे हा आपल्या शब्दाचा संकोच आहे.

या आसेवनाचा ठसा त्यांच्या गद्यावर सर्वत्र आहे. कथेचा आरंभ बहुधा संकटाच्या क्षणीच होतो. वाक्ये आखूड असतात, एकावर एक येऊन आदळतात. नायकाचा प्रवेश वगातील प्रवेशासारखा तयारीनिशी होतो. संवाद असे असतात की ते मोठ्याने म्हणून पाहावेत. ज्यांनी पांढरपेशी लघुकथेच्या मापाने हे गद्य मोजले, त्यांना ते भडक वाटले. पण हे माप त्या कापडाचे नव्हेच. पोवाड्यात शाहीर स्वर चढवितो तो श्रोत्यांस जागे ठेवण्यासाठी, आणि अण्णा भाऊंचे गद्य हे चढ्या स्वराचे गद्य आहे.

आपल्या प्रस्तावनांतून त्यांनी स्वतःच्या लेखनाविषयी फार थोडे, पण नेमके सांगितले आहे. जे जगलो आणि पाहिले तेच मी लिहितो, नुसत्या कल्पनेची भरारी आपणांस साधत नाही, असा त्यांचा आशय आहे. जीवनातील सत्याचा उजेड नसेल तर प्रतिभा निरुपयोगी ठरते, असेही त्यांनी बजावले आहे. वामनाच्या जन्मांतरीच्या संस्काराला वाटेगावच्या लेखकाने दिलेले हे उत्तर आहे. प्रतिभा आधी आणि जीवन मागाहून, असा क्रम त्यांना मान्य नाही.

एका कथेची कारणपरंपरा

'स्मशानातील सोनं' ही त्यांची कथा बहुतेक वाचकांस परिचित असेल. वारणेकाठचा धिप्पाड भीमा पोटासाठी मुंबईस येतो आणि खाणीत दगड फोडू लागतो. खाण बंद पडते. काम नाही, घरी बायको आणि लेक. अशा वेळी स्मशानातल्या राखेत त्याला सोन्याची वस्तू सापडते आणि मेलेल्यांच्या राखेवर जिवंत राहण्याचा मार्ग दिसतो. तो रात्री-अपरात्री राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. एका रात्री प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंज होते. प्रेताच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे जबड्यात अडकतात आणि ती त्याला गमवावी लागतात. आणि मग खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणारा हात आता दगड फोडण्यास उरलेला नसतो.

या कथेत रात्र आहे, स्मशान आहे, प्रेते आहेत. भूत मात्र नाही. दुसऱ्या एखाद्या लेखकाने एवढ्या साहित्यावर भयकथा उभारली असती. अण्णा भाऊ भीमाच्या घरच्या माणसांना भुताची भीती वाटू देतात, पण कथेच्या घडणीत भुताला काडीचाही अधिकार देत नाहीत. खाण बंद झाली म्हणून काम गेले. काम गेले म्हणून भूक आली. भूक आली म्हणून स्मशान आले. स्मशानामुळे बोटे गेली. बोटे गेली म्हणून पुन्हा सुरू झालेली खाण निरर्थक झाली. हे असल्याने ते होते, अशी एक एक कडी लेखक जोडीत जातो. कोठेही नशिबाचे नाव नाही. पापाचे फळ असेही लेखक म्हणत नाही. भीमाने प्रेताची विटंबना केली म्हणून त्यास शिक्षा झाली, असा बोध काढण्याची सोय त्याने ठेवलेली नाही. कारणपरंपरा समोर मांडून तो बाजूला होतो. प्रतीत्यसमुत्पादाचा शब्दही न उच्चारता लिहिलेली ही त्या दृष्टीची कथा आहे.

'फकिरा' : जोगणी आणि भूक

'फकिरा'च्या आरंभी जोगणीचा प्रसंग आहे. जोगणी ज्या गावाकडे, त्या गावाची भरभराट, अशी परिसराची श्रद्धा. शिगावची जोगणी वाटेगावास आणताना फकिराचा बाप राणोजी मारला जातो. गावाच्या मानासाठी मांगाने प्राण द्यावा, ही रीत. बौद्ध वाचक येथे थबकतो. अंधश्रद्धेचे हे उदात्तीकरण तर नव्हे?

थोडे पुढे वाचले म्हणजे शंका फिटते. जोगणी गावात येऊनही दुष्काळ टळत नाही. लेकरे उपाशी मरू लागतात, तेव्हा देवी धान्य देत नाही. धान्य फकिरा आणि त्याचे साथीदार लुटून आणतात. ज्या गावासाठी राणोजीने जीव दिला, त्या गावात त्याच्या जातीच्या लोकांना सरकार हजेरीच्या दोरीने बांधून घालते. म्हणजे श्रद्धेने दिलेले वचन खोटे पडते आणि भुकेने विचारलेला प्रश्न खरा ठरतो. हे लेखकाने व्याख्यान देऊन सांगितलेले नाही. प्रसंगांची मांडणीच तशी केली आहे.

लुटीतील हिंसेचा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. फकिराचा मार्ग हा धम्माचा मार्ग नव्हे. पण कादंबरीचा शेवट ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या माणसांना सरकारने पकडून डांबले आहे, हे कळल्यावर फकिरा त्यांच्या सुटकेसाठी स्वतः होऊन सरकारच्या स्वाधीन होतो. तलवार चालविणारा नायक शेवटी तलवार ठेवतो, आणि त्याचे खरे मोठेपण तेथेच प्रकट होते. पराक्रमाची परिसीमा त्यागात दाखविणारा हा शेवट आहे.

ही कादंबरी अण्णा भाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. महापरिनिर्वाणास तेव्हा तीनच वर्षे झाली होती. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊ कम्युनिस्ट होते. त्यांनी धम्मदीक्षा घेतली नव्हती. त्यांना ओढून-ताणून बौद्ध ठरविण्याची गरज नाही आणि तसे करणे सत्याला धरूनही होणार नाही. बुद्ध आणि मार्क्स यांच्यातील भेद बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे स्पष्टपणे मांडला होता. तो भेद कायम ठेवूनच अर्पणपत्रिका वाचली पाहिजे. तशी ती वाचली तर तिचे मोल वाढते. मांग समाजात जन्मलेला, लाल बावट्याखाली काम केलेला लेखक आपल्या सर्वांत प्रिय पुस्तकाच्या आरंभी बाबासाहेबांचे नाव लिहितो. पक्ष आणि जात या दोन्ही कुंपणांपलीकडून आलेला हा हात आहे.

तो हात आपण किती घट्ट धरला? बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या आपल्यापैकी काहींनी पक्षाचे निमित्त सांगून या लेखकाशी अंतर ठेवले. त्या निमित्ताखाली जातीचे जुने अंतर नव्हतेच, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय? 'सापळा' या कथेत मेलेली जनावरे न ओढण्याचा महारांचा निर्धार आणि गावाचा बहिष्कार हा विषय अण्णा भाऊंनी हाताळला. शेजारच्या वस्तीचा लढा त्यांनी आपला मानून लिहिला. त्यांना वाचताना आपण तसे वागलो नसू, तर दोष त्यांच्या विचारसरणीचा नव्हे.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर दलित-कष्टकऱ्यांच्या हातांवर तोललेली आहे, असे त्यांनी सांगितले. हे उद्गार आपण घोषणा म्हणून वापरतो. वस्तुतः ते कारणमीमांसेचे विधान आहे. पुराणाने दिलेले खोटे कारण काढून टाकून त्या जागी खरे कारण ठेवणे, हेच त्यात घडले आहे. त्यांच्या कथालेखनाचे सारे सूत्र त्यात आहे.

आहार : पोटाचा प्रत्यय

आतापर्यंत गुण सांगितले. उणिवा न सांगितल्यास ही समीक्षा न होता आरती होईल.

अण्णा भाऊंच्या नावावर सुमारे पस्तीस कादंबऱ्या सांगितल्या जातात. शिवाय कथासंग्रह, लोकनाट्ये, 'माझा रशियाचा प्रवास'. एकोणपन्नास वर्षेही न जगलेल्या माणसाचे हे काम आहे. या सर्व कादंबऱ्या 'फकिरा'च्या तोलाच्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी कथानकाचा साचा पुन्हा येतो : रूपवान, मानी तरुणी, तिच्यावर नजर ठेवणारा गावगुंड, तिला सोडविणारा धाडसी तरुण, शेवटी झुंज. व्यक्ती पुरत्या काळ्या किंवा पुरत्या पांढऱ्या होतात. 'चिखलातील कमळ'मध्ये मुरळीच्या प्रथेसारखा गंभीर विषय आहे, 'वैजयंता'त तमाशातील स्त्रीचे जिणे आहे, 'माकडीचा माळ'मध्ये भटक्या जमातींचा संसार आहे. तरीही प्रसंगांच्या धावपळीत स्त्रीचे मन कित्येकदा निसटून जाते. स्त्रीची अब्रू जपली गेली की तिचा प्रश्न सुटला, असे या कादंबऱ्या फार लवकर मानतात.

याचे कारण प्रतिभा आटली असे देणे, म्हणजे पुन्हा राजासारखे विणेला दोष देणे होय. आहाराचा प्रत्यय पाहिला पाहिजे. मराठीत कादंबरी लिहून घर चालविणे आजही अवघड आहे. त्या काळी घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत बसून ते करणे किती अवघड असेल! ज्याला हस्तलिखित दिल्यावरच चूल पेटण्याची आशा असते, त्याला तेच पान तिसऱ्यांदा लिहिण्याची चैन परवडत नाही. त्यांच्या कादंबऱ्यांवर 'वैजयंता' (१९६१), 'फकिरा' (१९६३) असे चित्रपट निघाले. 'अलगूज'वरून 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' हा चित्रपट १९७४ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर आला. पडद्यावर नाव झळकले. दारिद्र्य मात्र सुटले नाही. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. घाईने लिहिलेल्या पानांचा हिशेब लेखकाकडे मागताना अर्धा हिशेब समाजाकडेही मागितला पाहिजे. अर्धाच म्हणतो, कारण सगळा समाजाच्या खात्यावर टाकला तर लेखक हा आपल्या शब्दाचा धनी उरत नाही, आणि ते अण्णा भाऊंनाही रुचले नसते.

माणदेशातील साक्षीदार

हेतू-प्रत्यय बदलले की निर्मितीचा घाटही बदलतो, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही. वाटेगाव हे आजच्या सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागात. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, माणदेशाच्या कोरड्या मुलखात, आटपाडी आहे. तेव्हा ते औंध संस्थानात होते. तेथे अण्णा भाऊंनंतर एकच वर्षाने, १९२१ साली, शंकरराव खरात यांचा जन्म महार समाजात झाला. वडिलांकडे तराळकी होती : निरोप पोचविणे, दवंडी देणे, प्रेताची राखण करणे, सरकारी माणसाच्या मागे धावणे.

शंकररावांना शाळा मिळाली, बाबासाहेबांची चळवळ मिळाली, कायद्याचे शिक्षण मिळाले. ते वकील झाले, 'प्रबुद्ध भारत'चे संपादक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगाव येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. २००१ साली ते निवर्तले. त्यांचे गद्य अण्णा भाऊंच्या गद्याहून अगदी वेगळे आहे. ते स्वर चढवीत नाही. न्यायालयात साक्षीदाराने सांगावे तसे ते घडलेले क्रमाने सांगते. 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मकथनात विहिरीतील प्रेताचा प्रसंग आहे. शिपाई बापाला विहिरीत उतरून प्रेत वर काढण्यास भाग पाडतो आणि मुलगा काठावरून हे पाहतो. वर्णनात विशेषणे थोडी आहेत. ती नाहीत म्हणूनच वाचकाचा जीव गुदमरतो.

ही साक्ष देण्याची परंपरा या मुलखाला नवी नव्हे. बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कूलात त्यांचे नाव दाखल झाले. मसूर स्थानकावर भावंडांसह उतरल्यानंतर जात कळताच गाडीवान कसा मिळेना, अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी कशी हाकली आणि गाडीवान पायी कसा चालला, हे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात किती बारकाईने सांगितले आहे! त्यात आक्रोश नाही, तपशील आहे. शंकररावांचे गद्य त्या वाटेवरचे आहे.

त्यांच्या कथासंग्रहांची नावेही पाहण्यासारखी आहेत. 'सांगावा' आणि 'दवंडी' ही तराळाच्या कामांचीच नावे होत. बापाने जन्मभर दुसऱ्यांचा सांगावा वाहिला. मुलाने त्याच शब्दाखाली आपल्या लोकांचा सांगावा जगाला दिला. हीन ठरविलेल्या कामाचा शब्द घेऊन त्याला साहित्याचे शीर्षक करणे, ही साधी गोष्ट नव्हे.

दोघे एकाच मुलखातले, जवळजवळ एकाच वयाचे. एकाला तमाशाचा फड आणि कामगारांचे मैदान मिळाले. त्याचे गद्य पोवाड्याचे झाले. दुसऱ्याला चळवळीचे वृत्तपत्र आणि न्यायालय मिळाले. त्याचे गद्य साक्षीचे झाले. प्रतिभा जन्मांतरीहून तयार होऊन येत असती, तर फड आणि न्यायालय यांचे ठसे तिच्यावर इतके स्पष्ट उमटले नसते.

वंदन आणि वाचन

अण्णा भाऊंच्या नावे २००२ साली टपाल तिकीट निघाले, २०२० साली जन्मशताब्दी साजरी झाली, २०२२ साली मॉस्को येथे त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. हे सर्व योग्यच झाले. पण पुतळा म्हणजे नाद नव्हे, आणि तसबीर म्हणजे वीणाही नव्हे.

'दीड दिवसाची शाळा' हे वाक्य ऐकणारा एखादा मुलगा सभेत मागे बसलेला असतो. त्याच्या वहीत चार गोष्टी लिहिलेल्या असतात. या वाक्यातून तो काय घेऊन जातो? अण्णा भाऊंपाशी काही दैवी होते आणि आपल्यापाशी ते नाही, एवढेच. उलट त्याला जर असे सांगितले की, या माणसाने पाट्या वाचून अक्षर गिरविले, वर्षानुवर्षे फडात आणि मैदानात शब्द तासला, आपल्या वस्तीतील कथा फेकून न देता जपली, शेजारच्या वस्तीचे दुःख आपले मानले, आणि पोटाच्या घाईत त्याची काही पाने कच्चीही राहिली, तर तो मुलगा वही मिटणार नाही.

भगवंतांनी अखेरच्या क्षणी भिक्षूंना अप्रमादाने प्रयत्न करण्यास सांगितले. वीणा वाजविणाऱ्याचा प्रयत्न हा त्या दृष्टान्तातही नादाचा एक हेतू म्हणून गणला आहे. आपल्या विहारांतून अण्णा भाऊंना पुष्पमाला वाहिली जाते, तशीच त्यांची एक कथा मोठ्याने वाचली जावी आणि नंतर तिच्या गुणदोषांची चर्चा व्हावी. ती कथा मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिली गेली आहे.